न्हाणीतली सब्बल

९ एप्रिल, बुधवार
फ्रिज गेला. सकाळी माय दूध काढायला गेली, दार उघडलं तर आतून कोमट वास. मोताळ्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने पाठीमागच्या जाळीला कान लावला, दोनदा थोपटलं आणि हात झटकत उठला. "मावशी, याच्यात आता चादरी ठेवा." माय हसली नाही.

बाबांच्या इन्शुलिनच्या बाटल्या समोरच्या शोभाकाकूंच्या फ्रिजमध्ये ठेवून आले. "ठेव ना व, माह्या फ्रिजात काय हाय, दोन वांगे." काकू चांगल्या आहेत. पण रोज दोन वेळा दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, ते बाबांकडून होणार नाही. सकाळी म्हणालेच, "एखांदा दिवस नाही टोचलं तं मरत नाही मानूस." म्हणजे मी जायचं.

११ एप्रिल, शुक्रवार
दादा मलकापूर रोडवर काळीपिवळी चालवतो, आज उजेड असतानाच घरी आला. ठरलं. नवा फ्रिज घ्यायचा. हप्ते अर्धे त्याचे, अर्धे माझ्या शिकवणीतून. बाबांना विचारलं नाही, सांगितलं. "मोठे झाले तुम्ही," एवढंच म्हणाले. हे कौतुक की बोल, कळत नाही.

वहिनी म्हणाली, "लालच आना." त्यांच्या परीला काय, तिला सगळंच लाल हवं. दहा महिन्यांची झाली. आता दिसेल ते धरून उठायला बघते. खाट, पाण्याचा ड्रम, माझी ओढणी. उठते, लटपटते, बसते, आणि आपल्याकडे असं पाहते की जणू आपणच पाडलं.

१३ एप्रिल, रविवार
आला. लाल. शोभाकाकू, तिची सून, गल्लीतल्या चार बायका पाहून गेल्या. माईने दाराला हळदीकुंकू लावू का विचारलं, मी नको म्हटलं, मग तिने नुसताच हात फिरवला.

प्लग तीन पिनचा, जाड. आमचा बोर्ड आजोबांच्या वेळचा, लाकडी, काळ्या बटणांचा. त्यात दोनच भोकं. जुन्या फ्रिजची तिसरी पिन दादाने तेव्हा पक्कडीने तोडून टाकली होती. या वेळी मी अडून बसले. तोडायची नाही. नीट बोर्ड, नीट अर्थिंग. गॅरंटीच्या कागदावरही तेच लिहिलंय.

गजूभाऊ वायरमनला बोलावलं. गाणं म्हणत काम करतो. बोर्ड बसवला आणि विचारलं, "ठंडी कुठून हाय तुमची?" बाबांनी न्हाणीकडे बोट केलं. गजूभाऊ म्हणाला, "मंग अर्थिंग आयतीच हाय की. ताई, तुमचं काम टंच करून देतो." हिरवी तार न्हाणीतल्या सब्बलीला बांधून मोकळा झाला. फ्रिज सुरू झाला. काय शांत आवाज आहे. मला फार बरं वाटलं. पहिल्यांदा या घरात एक गोष्ट नियमाने झाली.

सब्बलीबद्दल कधी लिहिलं नाही. लहानपणापासून आहे म्हणून. आजोबांचं घर, एकच मीटर. वाटणी झाली तेव्हा मीटर मोठ्या बाबांच्या ओसरीत राहिलं. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मधल्या भिंतीपलीकडे राहतात. पंच म्हणाले, लाईट दोघांना. म्हणून भिंतीच्या भोकातून गरम तार, म्हणजे फेज, आमच्याकडे आली. ठंडी तार, करंट परत नेणारी न्यूट्रल, भिंत बांधताना गवंड्याकडून तुटली. ती परत जोडायची तर त्यांना म्हणावं लागलं असतं. बाबा म्हणाले नाहीत. आजोबांची खोदकामाची लोखंडी सब्बल न्हाणीच्या कोपऱ्यात ठोकली आणि ठंडी तार तिला गुंडाळली. जमीनच आमची ठंडी. बारा वर्षं झाली. माती ओली असली की दिवा मोठा, सुकली की बारीक. दिवा मंदावला की बाबा खाटेवरून हाक देतात, "आंग धुवा रे कोनी!" पाहुणे हसतात. आम्ही हसत नाही, कोणीतरी उठून आंघोळ करतो.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. निळे झेंडे, डीजे, पांढऱ्या साड्या. मला स्टेजवर बोलावलं, "गावातून बी.एस्सी. झालेली आपल्या वस्तीतली पहिली मुलगी" म्हणून. आधी माईक उलटा धरला. नंतर बोलता आलं. म्हटलं, शिकायचं म्हणजे नुसती नोकरी नाही, घरातली रोजची गोष्ट तपासून पाहायची. का, कशाने, कोणी सांगितलं, हे विचारायचं. टाळ्या पडल्या.

मागून कोणीतरी ओरडलं, "आंधी घरची सब्बल काढ व!" सगळी वस्ती हसली. मीही हसले. बाबा पुढच्या रांगेत होते, ते मांडीवरची टोपी नीट करत होते.

१७ एप्रिल, गुरुवार
माईला फ्रिजचा झटका बसला. ओल्या हाताने दार धरलं आणि भांडं उडालं. दूध सगळं खाली. "काई नाही, झिनझिनी आली," म्हणते. हात कोपरापर्यंत जड झाला होता तिचा, मी चोळून दिला.

संध्याकाळी वहिनीला बसला. मग मी मुद्दाम बोट लावून पाहिलं. झिनझिनी नाही ती.

गजूभाऊला फोन. "नवा माल हाय ताई, दोन-चार दिवस असंच राह्यते." असं काही नसतं. तो फोनवरही गात होता.

१८ एप्रिल, शुक्रवार
माईने फ्रिजपुढे पाट ठेवला. लाकडी, जेवायचा. वर दादाची जुनी रबरी चप्पल. पाटावर चढायचं, चप्पल घालायची, मग दार उघडायचं. एका दिवसात घराला सवय झाली. बाबासुद्धा न बोलता पाटावर चढतात. माझ्याशिवाय कोणाला हे विचित्र वाटत नाही. शोभाकाकू म्हणाली, "आमच्या कूलरले बी असंच हाय, आम्ही पोतं टाकतो."

परीला कोण चप्पल घालणार?

२० एप्रिल, रविवार
टेस्टर घेऊन सगळं घर तपासलं. आधी समजलं नाही, मग समजलं आणि बसूनच राहिले. करंट गरम तारेने येतो, फ्रिजमधून फिरतो आणि ठंडीने परत जातो. आमच्याकडे परत जायची वाट सब्बलीतून, मातीत. चैत्राची माती कोरडीठाक. तिथे करंटला जायला जागा नाही, मग तो सब्बलीतच तुंबतो. आणि सब्बलीला आपण हिरवी तार बांधली, तीच फ्रिजच्या अंगाला. म्हणजे जी तार वाचवायला होती, तिनेच पत्र्यात करंट आणला. आणि ती पाहिजे म्हणून हट्ट धरणारी मी.

दादाने पक्कड घेतली आणि तिसरी पिन तोडली. टेस्टर लावला, फ्रिजवर विझला. सगळ्यांनी निःश्वास सोडला. "झालं ना? एवढं होतं," दादा म्हणाला.

मग मी टेस्टर घेऊन न्हाणीत गेले. सब्बलीला लावला. लख्ख पेटला. फ्रिज बंद करायला सांगितला, विझत विझत गेला. चालू केला, पेटला. पूर्वीही असेल. जुना फ्रिज आणि एक दिवा, कधी कोणी तपासलं नाही. आता हा मोठा फ्रिज जेव्हा जेव्हा सुरू होतो, तेव्हा न्हाणीतली सब्बल गरम तार होते. आणि परीला वहिनी तिथेच न्हाऊ घालते, तिच्यापासून हातभर अंतरावर. साबणाच्या पाण्यात. परी हातात येईल ते धरून उठते.

दादाला दाखवलं. त्याने टेस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "माय म्हणते बारा वर्षांत कोनाले काई नाही झालं." त्याला भीती वाटली होती, दिसत होतं. मग गाडी काढून गेला.

२३ एप्रिल, बुधवार
आठ-आठ दिवस नळ येत नाही. पिण्यापुरतं पाणी ड्रममध्ये. सब्बलीला वेगळं पाणी टाकायला कुठून आणू? आंघोळीचंच पाणी तिला. आंघोळ दोन तांब्यांची. म्हणून दुपारी दिवा बारीक आणि फ्रिज सुरू होताना गुरगुरतो, सुरू होत नाही, पुन्हा गुरगुरतो. आत इन्शुलिन. वहिनीने दोन दिवस परीला ओसरीत टबात न्हाऊ घातली. मी तो टब चप्पल घालून न्हाणीत नेऊन ओतला, आणि ओतताना मनात आलं की मी हे काय करते आहे. सब्बलीला पाणी पाजते आहे. देवाला घालतात तसं.

सब्बल दुसरीकडे ठोकायची? मागे मोठ्या बाबांची भिंत. पुढे सिमेंटचा रस्ता, त्याच्या कडेला शेजारच्यांच्या शेळ्या आणि पोरं. मग तिथे दुसऱ्या कोणाची परी.

बाबांना पहिल्यांदा नीट सांगितलं. कागदावर चित्र काढून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. सातवी शिकलेत, सगळं समजलं त्यांना. प्रश्नही बरोबर विचारला, "म्हंजे पानी पडलं की कमी होते?" हो म्हटलं. "मंग पानी पडू दे. मिरगापर्यंत जपा."

२८ एप्रिल, सोमवार
लाईटच्या ऑफिसात जाऊन आले. स्वतःचं मीटर घ्यायचं. बाई नीट बोलल्या, पाणीही दिलं. घर आजोबांच्या नावावर आहे, वेगळ्या मीटरला दुसऱ्या वारसाची संमती लागते. म्हणजे मोठ्या बाबांची सही. नियम बरोबरच आहे. आम्ही घर नावावर केलं नाही त्याला त्या काय करणार.

एस.टी.त उभ्याने येताना विचार करत होते. सगळ्या वाटा फिरून त्या एका भिंतीला लागतात.

३० एप्रिल, बुधवार
मोठ्या बाबांकडे गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या ओसरीत बसले. मीटर डोक्यावर, त्याचं चाक फिरतंय. मोठ्या मायने पाणी दिलं. मो.बा. सुपारी कातरत होते.

"बसा बी.एस्सी. भाषन चांगलं केलं म्हंते लोक."
सांगितलं सगळं. परीचंही.
"मले दिसत नाही का काय चालू हाय तिकडे? त्या सब्बलीनं माह्या बापानं इहीर खांदली. तिले न्हानीत गाडलं तुह्या बापानं."
"मग ठंडी तार द्या, मोठे बाबा. दहा मिनिटांचं काम आहे."
सुपारी थांबली. "म्या कधी नाही म्हटलं? बारा वर्सांत कोनी मांगली? त्याले म्हना, ये, एकदा तोंडानं मांग. आज देतो. सही बी देतो."
"मी मागते ना."
"तू पोर हाय. तुह्याशी माही वाटनी नाही."

वाईट माणूस नाही. परीला तालुक्याच्या बाजारातून खुळखुळा त्यांनीच आणला होता, मोठ्या मायच्या हाती पाठवला होता.

बाबांना सांगितलं नाही. मग सांगितलं. ते भाकरी मोडत होते. "पाच मानसांत म्हटलं त्यानं, हा माह्या भाकरीवर मोठा झाला. त्या दिवसापासून त्याच्या घरचं पानी नाही पेलो म्या."
"पण लाईट तर त्यांच्याच मीटरवरून येतो."
"गरम तार माह्या हक्काची हाय. पंचाईनं दिली. ठंडी त्याची मेहेरबानी."
"बाबा, तार आहे ती. करंटला भाऊबंदकी कळत नाही."
"मानसाले कळते."

जेवले नाहीत पूर्ण. आता शुगर खाली जाईल. माझ्यामुळे.

४ मे, रविवार
सकाळी भिंतीच्या भोकातून मोठ्या मायने मला हाक मारली, "करुना, हाय का व?" हे भोक गरम तारेसाठी ठेवलेलं, पण दोघी जावा त्यातूनच विरजण, मिरच्या, बातम्या देतात. दोघांपैकी एकाही भावाला हे माहीत नाही असं दोघी समजतात.

"आमचे हे चाल्ले लोणारले, साळूच्या पोरीच्या लग्नाले. मंगळवारपर्यंत नाहीत. तुहा गजू का फजू, त्याले बलाव." "बारा वर्सं या भोकातून विरजन जाते, तार काऊन नाही जाणार?"

माय मागे उभी होती. पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती.

५ मे, सोमवार
झालं. बाबा जिनिंग मिलमध्ये कामावर गेले तेव्हा. गजूभाऊने पलीकडून ठंडी आणली, बोर्डात जोडली, सब्बलीपासून सोडवली. सब्बल नुसती अर्थिंग म्हणून ठेवली, आता तिचं खरं काम ते. तीन पिनचा नवा प्लग बसवला. मी प्रत्येक जोडणी स्वतः पाहिली. गजूभाऊ म्हणाला, "ताई, तुम्ही मागं उभ्या राह्यल्या की गानं सुचत नाही."

फ्रिज चालू. सब्बलीला टेस्टर. अंधार. पुन्हा लावला. अंधार. माझ्या हातातला टेस्टरच बिघडला की काय म्हणून गरम तारेला लावला, पेटला. पुन्हा सब्बल. अंधार.

परीला न्हाणीत न्हाऊ घातलं मी. तिने हात पुढे करून सब्बल धरली. ती सब्बलीकडे पाहून हसली आणि चाटायला गेली.

माईने पाट उचलून भिंतीला टेकवला.

८ मे, गुरुवार
फ्रिज दिवसभर एकसारखा चालतो. माईने बर्फ जमवला, शोभाकाकूला नेऊन दिला. दिवा पांढरा. बाबा काही म्हणाले नाहीत. लक्षात आलं नसावं. मी अभ्यासाला बसले आज, बी.एड. सीईटीचा. पुस्तक महिनाभर तसंच होतं.

१२ मे, सोमवार
बुद्धपौर्णिमा. विहारात जायचं म्हणून पहाटेपासून एकामागे एक आंघोळी. कालच नळ आला होता, सगळ्यांनी मनसोक्त. दादा, वहिनी, परी, मी, माय. शेवटी बाबा. पांढरा सदरा खांद्यावर टाकून न्हाणीच्या दारात उभे राहिले आणि दिव्याकडे पाहू लागले. मी खीर ढवळत होते.

"पाच जनांनी आंग धुतलं," ते म्हणाले.
वहिनी परीचं अंग पुसत राहिली.
"लाईट वाढला नाही."
माईने खाली पाहिलं.
"दोन-चार दिवसांपासून पाहून राह्यलो. कमी बी होत नाही, जास्त बी होत नाही." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "तिकडून घेतली?"

हो म्हटलं. खोटं बोलता आलं असतं. आजच्या दिवशी जीभ वळली नाही.

आंघोळ केली, सदरा घातला, विहारात आले, सगळ्यांबरोबर वंदना म्हटली. खीर वाटली. मला वाटलं, झालं. मान्य केलं.

१३ मे, मंगळवार
सकाळी ठंडी तार बोर्डातून काढलेली. गुंडाळी करून, टोकं वळवून, भोकातून पलीकडे सरकवून दिलेली. नीट. कोणाची उसनी वस्तू परत करावी तशी. सब्बलीला जुनी तार पुन्हा गुंडाळलेली. हिरवी तार सोडून ठेवली, प्लगची तिसरी पिन तोडून बोर्डावर ठेवली. म्हणजे मी सांगितलेलं सगळं त्यांना पाठ होतं. चुकीची एकही जोडणी केली नाही.

मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या आवाजात. माणूस मेल्यावर मान घेऊन काय करायचं, असं म्हटलं. वहिनी परीला घेऊन बाहेर गेली. बाबा ऐकत होते. "मी कमी खाल्लं," ते म्हणाले, "पन त्याच्या हातचं नाही खाल्लं. येवढंच हाय माह्यापाशी. ते बी नेतं?"

मी बोर्डावरची तोडलेली पिन उचलून वहीत ठेवली.

मो.बा. लोणारहून मागच्याच आठवड्यात आलेत, त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. आता तार सापडली असेल. मोठ्या मायचा आवाज नाही. भोकाला पलीकडून फडकं लावलंय.

१६ मे, शुक्रवार
पाट परत फ्रिजपुढे. गरज नाही तरी. माय म्हणते, राहू दे, सवय झाली.

बाबांनी आज दिवसभर सुट्टी टाकली. सब्बलीभोवती विटा रचल्या, वर जुना प्लॅस्टिकचा पाइप चढवला, चुन्याने पांढरा केला. तासभर माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, "आता?" मी टेस्टर ओल्या फरशीला लावला. फ्रिज सुरू होता. मंद पेटला. फरशीच ओली, तीच तार. त्यांनी पाहिलं. हात धुतले. त्यांच्या नखांत चुना होता.

त्यांना परीची काळजी नाही असं नाही. तिला कुशीत घेतल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. काळजी आहे आणि तरीही. हे मला कोणत्याच पुस्तकात शिकवलं नाही.

२० मे, मंगळवार
नवी पद्धत. कोणीही न्हाणीत गेलं की आधी फ्रिज बंद. आत जाणारा ओरडतो, "बंद?" फ्रिजपाशी जो असेल तो प्लग ओढून म्हणतो, "बंद!" मग पाय आत. ही बाबांनी काढली. परीच्या आंघोळीच्या वेळी ते स्वतः फ्रिजपाशी स्टुलावर बसतात, प्लग हातात धरून. ती बाहेर येईपर्यंत हलत नाहीत.

दिवसभर घरात हेच. बंद? बंद! शोभाकाकू दारातून विचारते, "काय व, रेल्वेचं फाटक हाय का?" माय हसते. दादा गाडीतून उतरतानाच ओरडतो, "बंद?" गंमत झाली आहे. मला वाटतं, माणसाला कशाचीही सवय होते हे शहाणपण नाही, आजार आहे. पण सकाळी मीही ओरडले, आणि आतून "बंद!" आलं तेव्हा बरं वाटलं. सगळे एकमेकांना किती जपतात. आणि जिथून जपायचं ते सोडून बाकी सगळीकडून.

२५ मे, रविवार
काल वहिनी विसरली. तिने विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही, फ्रिज चालू होता. परीचे कपडे धुऊन बाहेर आली तेव्हा लक्षात आलं. काही झालं नाही. ती दारात बसून राहिली, ओले कपडे मांडीत धरून. "काई नाही झालं ना," माय म्हणाली.

वहिनीला म्हटलं, परीला घेऊन माहेरी जा, पाऊस येईपर्यंत. ती म्हणाली, "तिकडे बी अर्थिंगच हाय, ताई. तिकडे तं हापशीले बांधली हाय."

दादाशी बोलले. भाड्याने दुसरं घर. "आन बाबा?" म्हणाला.

सीईटीचा अर्ज भरायची मुदत गेली. नंतर कळलं.

३१ मे, शनिवार
काही लिहिण्यासारखं नाही. ऊन. दिवा बारीक. बाबांची शुगर वाढलेली, फ्रिज इतक्या वेळा बंद राहतो की इन्शुलिन गार नसतं. डॉक्टरांनी विचारलं, नीट ठेवता ना? बाबा म्हणाले, "नवा फ्रिज हाय साहेब." अभिमानाने म्हणाले.

भोकातलं फडकं निघालंय. आज त्यातून मोठ्या मायने लिंबाचं लोणचं दिलं. माईने घेतलं. दोघी तारेबद्दल बोलल्या नाहीत. लोणच्याबद्दल बोलल्या, मीठ कमी पडलं म्हणे.

२ जून, सोमवार
परी बोलली! पहिला शब्द. आम्ही सगळे बाबा, मामा, आई म्हणून तिच्यामागे लागलो होतो. सकाळी माय न्हाणीकडे निघाली, ओरडली, "बंद?" आणि खाटेखालून उत्तर आलं, "बं."

घरभर हसू. दादाने तिला उचलून फिरवली. बाबांनी दुकानातून पेढे आणले, स्वतःला डॉक्टरांनी नको सांगितलेत तरी एक खाल्ला. गल्लीत सांगत सुटले, "आमची परी बंद म्हन्ते!" भोकाजवळ जाऊन माईने मोठ्या मायला सांगितलं, पलीकडे मो.बा.ही हसले, ऐकू आलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी हसू, मी पहिल्यांदा ऐकलं.

मीही हसले. मग आतल्या खोलीत जाऊन बसले.

५ जून, गुरुवार
दुपारी. माय आणि वहिनी ओसरीत गहू निवडत होत्या. बाबा खाटेवर. मी शिकवणीच्या वह्या तपासत होते. फ्रिज सुरू झाला, आवाजाने कळलं, दिवा खाली गेला.

परी पाटाला धरून उठली. पाट सोडला. हात सोडून चार-दोन पावलं टाकली, पहिल्यांदाच. मी हाक मारणार होते सगळ्यांना. ती न्हाणीच्या उंबऱ्याशी जाऊन थांबली. पडदा बाजूला केला. फरशी सकाळपासून ओली होती. आत पाहत, मोठ्याने, आम्ही म्हणतो तसं, ती म्हणाली, "बं."

आणि पाय उचलला.

तिला वाटतं, बंद म्हटलं की बंद होतं. तिने बरोबर केलं. आम्ही जे शिकवलं तेच केलं.

उचललं मी. कशी पोचले आठवत नाही. ती चिडली, हात न्हाणीकडे करून पुन्हा पुन्हा, "बं! बं!" ऐकत नाही म्हणून आम्ही आवाज वाढवतो, तसा वाढवला. मागे फ्रिज चालू होता.

वळले तर बाबा उठून बसलेले. त्यांनी सगळं पाहिलं होतं. बराच वेळ प्लगकडे पाहत राहिले, मग भिंतीकडे. मग टोपी घातली, चपला शोधल्या, उलट्या घातल्या, काढून सुलट्या घातल्या. माईने विचारलं, "उन्हात कुठं चालले?" ते उंबरा ओलांडून गेले.

आमच्या दारातून डावीकडे पार आहे, जिथे ते रोज बसतात. उजवीकडे मो.बा.चं दार. कोणीकडे वळले ते पाहायला मी ओसरीत गेले नाही.

फ्रिजचा प्लग काढून ठेवलाय. परी माझ्या मांडीवर झोपली आहे, एका हाताने लिहिते आहे. ते अजून आले नाहीत. भिंतीपलीकडून सुपारी कातरल्याचा आवाज येत होता, मघाशी थांबला.